पाकिटातील खिचडी आणि आपले पथ्यपत्र

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील गाव. कोल्हापूर शहर हाकेच्या अंतरावर; एका बाजूस गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ, तर दुसऱ्या बाजूस उजळाईवाडीचा विमानतळ व पुढे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. गावात शेती आहे, गोठ्यात म्हशी आहेत. परंतु घरातील तरुण माणसे पाळीप्रमाणे कारखान्यात अथवा दुकानात कामास जातात आणि दुपारच्या वेळी घरात बहुधा वृद्धच उरतात. अशा घरांतून गेल्या काही वर्षांत एक नवा पाहुणा आला आहे. तो म्हणजे पाकीटबंद तयार अन्न : डाळखिचडी, राजमा-चावल, सांबार-भात, डाळ-भात. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. तो सुचला मात्र एका रुग्णामुळे, आणि स्पष्टच सांगावयाचे तर स्वतःच्या एका चुकीमुळे.

साठीच्या घरातील एक शेतकरी रुग्ण. उच्च रक्तदाबाची आधुनिक वैद्यकाची गोळी नियमित सुरू. पायांवर शोथ, अग्निमांद्य, मलावष्टंभ. औषधयोजना केली आणि पथ्याच्या चिठ्ठीवर नेहमीप्रमाणे लिहिले : “मीठ कमी. दोन्ही वेळ मुगाची खिचडी.” पंधरा दिवसांनी शोथ होता तसाच. रक्तदाबही उतरलेला नव्हता. पथ्याविषयी विचारले असता ते काहीसे दुखावून म्हणाले, “डॉक्टर, घरातली मिठाची बरणीच उचलून ठेवायला लावलीया. तुम्ही सांगितल्यापास्नं खिचडीशिवाय दुसरं काय खाल्लं न्हाई.” पुढच्या भेटीत त्यांनी पिशवीतून रिकामी पाकिटे काढून मेजावर ठेवली. मुलगा व सून सकाळी कामावर जात. जाताना दोन पाकिटे ठेवून जात. गृहस्थ ती गरम पाण्यात धरून खात. चिठ्ठीवरील ‘खिचडी’ या शब्दाचे त्यांनी तंतोतंत पालन केले होते. पाकीट उलटून पाहिले. डाळ तुरीची, भरपूर तेल, गरम मसाला. आणि मिठाचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की ज्या घरातून मिठाची बरणी हद्दपार झाली होती, तेथे मीठ दररोज पाकिटातून येत होते.

याच गृहस्थांना म्हशीच्या खाद्याच्या पोत्यावरील प्रथिनांचा व स्निग्धांशाचा आकडा तोंडपाठ होता. स्वतःच्या ताटातील पाकिटाची मागची बाजू मात्र त्यांनी वाचली नव्हती. दोष त्यांचा नाही. ती बाजू वाचावयास त्यांना मी सांगितले नव्हते, कारण मीही ती कधी वाचली नव्हती.

पाकिटांचे तीन प्रकार

‘पाकिटातील खिचडी’ ही एकच वस्तू नव्हे. व्यवहारात तिचे तीन प्रकार आढळतात आणि त्यांचे गुणदोष भिन्न आहेत.

पहिला प्रकार म्हणजे पूर्ण शिजवलेले, ओलसर अन्न असलेले मऊ पाकीट. यास ‘रिटॉर्ट’ प्रक्रिया म्हणतात. बहुस्तरीय पाकिटात अन्न भरून ते हवाबंद करतात आणि दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णतेवर ठरावीक काळ ठेवतात. उद्देश असा की, अन्नविषबाधा करणाऱ्या जिवाणूंचे, विशेषतः क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे, उष्णतेस दाद न देणारे बीजाणूही नष्ट व्हावेत. आपल्या देशात या तंत्राचा विकास प्रामुख्याने सैनिकांच्या शिध्यासाठी झाला. म्हैसूर येथे १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यावर महत्त्वाचे काम केले आणि पुढे हे तंत्र नागरी उद्योगांकडे आले. या अन्नास टिकण्यासाठी निराळ्या परिरक्षक द्रव्याची गरज नसते. ‘एवढे दिवस टिकते म्हणजे त्यात विष घातले असणार’ असे आपल्यापैकी अनेकजण रुग्णांस सांगतात; ते शास्त्रास धरून नाही. पाकिटातील ॲल्युमिनियमचा थरही अन्नास थेट स्पर्श करीत नाही. आतील बाजूस पॉलिप्रोपिलीनचा थर असतो.

दुसरा प्रकार निर्जलीकृत अन्नाचा. उकळते पाणी ओतून काही मिनिटांत खावयाचा पेला किंवा पुडी. यात भात व डाळ आधी शिजवून वाळवलेली असतात.

तिसरा प्रकार म्हणजे कच्चे तांदूळ, डाळ व मसाला यांचे मिश्रण. ते घरीच शिजवावयाचे असते. यात मसाल्याची पुडी वेगळी असल्यास मीठ-मसाला आपल्या हाती राहतो. हा भेद लहान वाटला तरी चिकित्सकाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

भात व कडधान्य : जोडीचे सामर्थ्य

पाकिटाविषयी बोलण्यापूर्वी मूळ अन्नाचे मोल लक्षात घ्यावे. शंभर ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. मूगडाळीत सुमारे २४, तर राजम्यात सुमारे २० ते २३ ग्रॅम. परंतु केवळ बेरजेपेक्षा या जोडीचे मर्म अधिक आहे. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते व मिथिओनिन तुलनेने बरे असते; कडधान्यात याच्या उलट स्थिती असते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशींत तृणधान्य, कडधान्य व दूध यांचे ३ : १ : २.५ असे प्रमाण प्रथिनांच्या दर्जासाठी सुचविले आहे, त्यामागील तत्त्व हेच. डाळ-भात-दूध खाणाऱ्या आपल्या घरांना ते नवे नाही.

आचार्यांनीही हीच दोन धान्ये निवडली. चरकाने सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात शूकधान्यांत लोहितशाली आणि शमीधान्यांत मूग यांना पथ्यतम म्हटले, तर शमीधान्यांतील अपथ्यतम म्हणून उडदाची गणना केली. नित्य सेवनीय द्रव्यांतही षष्टिक, शाली व मूग आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘खिचडी म्हणजे हलकी’ असे आपण सरसकट म्हणतो. भावप्रकाशात कृतान्नवर्गात तांदूळ, डाळ, मीठ, आले व हिंग यांनी सिद्ध होणाऱ्या कृशरेचे वर्णन आहे. तेथे ती बल्य म्हटली आहे, परंतु गुरू व दुर्जरही म्हटली आहे. लघुत्व मंड, पेया, मुद्गयूष यांत आहे. संसर्जनक्रमात पेया, विलेपी व यूष येतात. फोडणीची घट्ट खिचडी येत नाही. म्हणजे पाकीट बाजूस ठेवले तरी ‘खिचडी खा’ हा आपला आदेश मुळातच ढिला आहे.

करण : अग्नी, काळ आणि भाजन

पाकीटबंद अन्नाच्या परीक्षणासाठी नवी मोजपट्टी शोधण्याची गरज नाही. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात चरकाने आहारविधीची आठ विशेषायतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पाकीट हातात घेऊन ही आठ नावे क्रमाने म्हटली तरी परीक्षा पूर्ण होते.

प्रकृतीचे उदाहरण देताना आचार्य मूग व उडीद यांचेच देतात. एक स्वभावतः लघू, दुसरा गुरू. म्हणून पहिला प्रश्न : पाकिटात डाळ कोणती? मुखपृष्ठावरील चित्रावरून ती कळत नाही. घटकद्रव्यांच्या यादीत तूर, मूग, मसूर, हरभरा असा उल्लेख असतो, तो वाचावा.

करण म्हणजे संस्कार, गुणांतराधान. हे गुणांतर पाणी, अग्निसंयोग, शौच, मंथन इत्यादींनी होते, आणि आचार्य पुढे कालप्रकर्ष व भाजन यांचाही उल्लेख करतात. रिटॉर्ट पाकिटात हे तीनही विशेषत्वाने आहेत : तीव्र अग्नी, महिनोन्‌महिन्यांचा काळ आणि नवे भाजन. यांचे परिणाम दुहेरी आहेत. लाभ असा की कडधान्य पूर्ण शिजते. प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारी द्रव्ये उष्णतेने निष्प्रभ होतात. डाळ भिजवून पाणी टाकले असल्यास आध्मानकारक शर्कराही काही अंशी कमी होतात. प्रथिने व उष्मांक जवळजवळ तसेच राहतात. हानी अशी की उष्णतेने नष्ट होणारी जीवनसत्त्वे, त्यांत विशेषतः थायमिन, घटतात. ही घट पाकिटावर दिसत नाही. भात अतिमृदू होतो, चर्वण कमी होते.

हे अन्न पर्युषित म्हणावे काय? वाग्भटाने सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात पुन्हा उष्ण केलेले, तसेच अतिलवण अन्न त्याज्य मानले आहे. शिळ्या भातातील धोका आपण जाणतो : शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचे विष पुन्हा तापवूनही जात नाही. बंद पाकिटात हा दोष नसतो. म्हणून त्यास कुजलेल्या शिळ्या अन्नाच्या पंक्तीस बसवणे अन्याय्य होय. तथापि अक्षरार्थाने ते पुनरुष्णीकृत आहे. माझे मत असे : निरोगी व समाग्नी व्यक्तीने प्रसंगी घेतल्यास बाधा नाही, मंदाग्नी रुग्णाचे नित्य पथ्य म्हणून ते योजू नये. पाकीट एकदा उघडले की मात्र त्यास शिळ्या अन्नाचे सर्व नियम लागू होतात. उरलेले अर्धे पाकीट रात्रीसाठी फडताळात ठेवण्याची सवय रुग्णांस मोडावयास लावावी.

राशी : सर्वग्रह आणि परिग्रह

या लेखाचा गाभा येथे आहे. राशीचे आचार्यांनी दोन भेद केले. संपूर्ण आहाराचे एकत्रित मान तो सर्वग्रह. त्यातील प्रत्येक द्रव्याचे स्वतंत्र मान तो परिग्रह. पाकिटावरील पोषणमाहिती वाचण्याची किल्ली या दोन शब्दांत आहे.

पाकिटाच्या पुढील बाजूस लिहिलेले निव्वळ वजन हा सर्वग्रह. ते शिजलेल्या अन्नाचे, म्हणजे बहुतांशी पाण्याचे वजन असते. तीनशे ग्रॅमचे पाकीट म्हणजे तीनशे ग्रॅम डाळ-तांदूळ नव्हेत. परिग्रह मागील बाजूस असतो. अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग व प्रदर्शन) विनियम, २०२० अन्वये घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. अनेक पाकिटांवर तांदूळ व डाळ यांचे शेकडा प्रमाणही छापलेले असते. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण व अतिरिक्त साखर, एकूण, संपृक्त व ट्रान्स स्निग्ध, कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांचे आकडे सक्तीचे आहेत. तंतू व पोटॅशियम यांचे आकडे सक्तीचे नाहीत.

एक हिशेब मांडून पाहू. हे आकडे एखाद्या विशिष्ट उत्पादनाचे नसून रीत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, ३०० ग्रॅमच्या पाकिटावर तांदूळ १६ टक्के व डाळ ८ टक्के असे लिहिले आहे. आणि दर १०० ग्रॅमला ऊर्जा १२० किलोकॅलरी, प्रथिने ३.२ ग्रॅम, स्निग्ध ४.२ ग्रॅम, सोडियम ४०० मिलिग्रॅम. तर संपूर्ण पाकिटात तांदूळ ४८ ग्रॅम व डाळ २४ ग्रॅम आली. ऊर्जा ३६० किलोकॅलरी, प्रथिने ९.६ ग्रॅम, स्निग्ध १२.६ ग्रॅम, सोडियम १,२०० मिलिग्रॅम.

आता घरची मुगाची खिचडी घ्या : तांदूळ ५० ग्रॅम, मूगडाळ २५ ग्रॅम, तूप ५ ग्रॅम, मीठ १ ग्रॅम. ऊर्जा सुमारे ३०० किलोकॅलरी, प्रथिने सुमारे १० ग्रॅम, स्निग्ध सुमारे ५ ते ६ ग्रॅम, सोडियम सुमारे ४०० मिलिग्रॅम.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की वाद मिटतो. प्रथिनांत पाकीट उणे नाही. ‘पाकिटात काही कस नसतो’ हे म्हणणे या उदाहरणात टिकत नाही. फरक आहे तो स्नेहात, जो दुपटीहून अधिक आहे, आणि लवणात, जो तिप्पट आहे. प्रौढास दररोज शरीरभाराच्या दर किलोस सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. घरची असो वा पाकिटातील, एक वेळची खिचडी त्याचा पाचवा हिस्साच देते. केवळ खिचडीवर महिनाभर ठेवलेला वृद्ध रुग्ण क्षीण का होतो, याचे उत्तरही येथेच मिळते.

कच्च्या वजनाने अन्न मोजण्याची पद्धत आपल्या गावातील शाळेतही आहे. शालेय पोषण आहार योजनेत, जिला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे नाव आहे, प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ आणि उच्च प्राथमिक वर्गात १५० ग्रॅम धान्य व ३० ग्रॅम डाळ असे मान ठरलेले आहे. त्यातून अनुक्रमे ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तसेच ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. शाळेतील मुलाची खिचडी ग्रॅमने ठरते आणि वैद्याने रुग्णास सांगितलेली खिचडी मात्र नुसत्या नावाने. ही आपणास शोभणारी गोष्ट नव्हे.

लवण : त्याच अध्यायातील इशारा

विमानस्थानाच्या ज्या अध्यायात आठ आयतने आहेत, त्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अति प्रमाणात योजू नयेत असे सांगितले आहे. लवणाच्या अतिसेवनाने ग्लानी, शैथिल्य व दौर्बल्य येते, खालित्य-पालित्य अकाली येते. आणि बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू व सौवीर या देशांतील लोक दुधाबरोबरही लवण खात असल्याचे उदाहरण दिले आहे.

आजचे मान असे : दिवसाकाठी सर्व मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सोडियम २,००० मिलिग्रॅमच्या आत. पाकिटावरील सोडियमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणून हजाराने भागले की मिठाचे ग्रॅम मिळतात. वरील उदाहरणातील एका पाकिटात १,२०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ३ ग्रॅम मीठ. दिवसाला दोन पाकिटे म्हणजे ६ ग्रॅम. पापड, लोणचे, ताकातील मीठ यांची भर वेगळी. मिठाची बरणी न उघडताही मर्यादा ओलांडली जाते ती अशी.

आपल्या वर्गातील एका समजाचाही येथे विचार व्हावा. सैंधव श्रेष्ठ लवण खरे. परंतु तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. शोथ, हृद्रोग किंवा उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ‘सैंधव असेल तर चालेल’ असे सांगणे म्हणजे मापाविना परवानगी देणे होय. निर्जलीकृत प्रकारात चव वाढवणारी सोडियमयुक्त द्रव्येही असतात. म्हणून केवळ ‘मीठ’ शब्द न शोधता सोडियमचा आकडा पाहावा.

राजमा म्हणजे राजमाष नव्हे

राजमा-चावलाची पाकिटे आता आपल्याकडेही खपतात. रुग्णाने विचारले असता काही वैद्य राजमाषाचे गुणधर्म सांगतात. ही चूक टाळावी. संहितेतील राजमाष म्हणजे चवळी. राजमा हे मूळचे अमेरिका खंडातील कडधान्य. ते युरोपीयांच्या आगमनानंतर आपल्याकडे आले. त्याचे गुण अनुमानाने ठरवावे लागतात : गुरू, रूक्ष, विष्टंभी, वातवर्धक. दुसऱ्या बाजूस प्रथिने व तंतू विपुल असल्याने मेदस्वी व प्रमेही परंतु अग्निबल चांगले असलेल्या रुग्णास तो अल्प भातासह उपयोगी पडतो.

कच्च्या अथवा अर्धवट शिजलेल्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य असते. घरी करताना तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण शिजवला पाहिजे. या एका बाबतीत पाकिटातील राजमा घाईने शिजवलेल्या घरच्या राजम्याहून सुरक्षित ठरतो, हे मान्य करावे.

आपल्या देशाचा विचार करता राजम्यासाठी उत्तरेकडे पाहण्याचे कारण नाही. साताऱ्यातील कोरेगाव भागातील वाघ्या घेवडा हा त्याच जातीचा. आणि भातासाठी आपल्या जिल्ह्यातील आजऱ्याचा घनसाळ आहे. दोहोंस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुना घनसाळ, पूर्ण शिजलेला घेवडा, आले-हिंग व मोजके मीठ : हा आपला राजमा-चावल.

कोणास अनुमत, कोणास वर्ज्य

पाकीट सर्वथा वर्ज्य म्हणणे व्यवहारास धरून नाही. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. अशा वेळी इंधन नाही, शुद्ध पाणी नाही. तेव्हा न तापवताही खाता येणारे, जंतुरहित, भात-डाळीचे पाकीट हे उत्तम आपत्कालीन अन्न होय. रात्रपाळीचा कामगार, वाहनचालक, प्रवासी, वसतिगृहातील विद्यार्थी यांनाही वडापावापेक्षा ते बरे. त्यांना इतकेच सांगावे की सोबत काकडी-गाजर, एखादे फळ अथवा बिनमिठाचे ताक घ्यावे आणि त्या दिवशी पापड-लोणचे टाळावे.

ज्यांनी ते नित्य घेऊ नये ते असे : शोथ, हृद्रोग, उच्च रक्तदाब व वृक्कविकाराचे रुग्ण, ज्वरोत्तर मंदाग्नी, शोधनानंतर संसर्जनक्रमात असलेले, अम्लपित्ताचे रुग्ण, आणि बालके. वृक्कविकारात डाळीचे प्रमाणही उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या संमतीनेच ठरवावे. प्रमेहात भाताचा वाटा कमी व डाळ-भाजीचा अधिक हवा. पाकिटात तो बदल करता येत नाही.

औषधालयधारकांसाठी

अनेक आयुर्वेदीय औषधालये आता खिचडीमिश्रण, यूषचूर्ण, ‘पंचकर्म आहार’ अशी उत्पादने ठेवतात वा स्वतः तयार करतात. त्यांनी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

एक, औषधविक्रीचा परवाना हा खाद्यविक्रीचा परवाना नव्हे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये स्वतंत्र नोंदणी अथवा परवाना लागतो. दोन, २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ विनियम लागू झाले. ग्रंथोक्त पाककृतींनुसार तयार केलेल्या अन्नास त्यांनुसार विशिष्ट चिन्ह लावता येते. दोन वर्षांखालील बालकांचे अन्न त्यांच्या कक्षेत येत नाही आणि त्यांत जीवनसत्त्वे वा खनिजे वरून घालता येत नाहीत. साध्या डाळखिचडीवर मनाने ‘आयुर्वेदिक’ शब्द छापणे योग्य नव्हे. तीन, रोग बरा करण्याचा दावा खाद्याच्या वेष्टनावर करू नये. चार, आणि हे सर्वांत सोपे : मिश्रण तयार करताना मीठ त्यात मिसळू नये. मिठाची पुडी वेगळी द्यावी किंवा देऊच नये. तांदूळ व डाळ यांचे ग्रॅम पुढील बाजूस ठळक छापावेत. वैद्यास परिग्रह आपल्या हाती ठेवता येईल असे उत्पादन आज बाजारात दुर्मीळ आहे. ते देण्याचे काम आपल्या औषधालयांनी करावे.

पथ्यपत्र कसे लिहावे

आता माझ्या चिठ्ठीवर ‘मुगाची खिचडी’ एवढेच शब्द नसतात. नमुना असा :

“जुना तांदूळ ५० ग्रॅम (मोठे चार चमचे), सालरहित मूगडाळ २५ ग्रॅम (मोठे दोन चमचे), पाणी आठ पट. आले, जिरे, हिंग. तूप १ लहान चमचा. दिवसाचे सर्व मीठ मिळून पाव चमचा. ताजी करून गरम खावी. पाकीट आणल्यास ते न उघडता मला दाखवावे.”

चमच्यांचे आकार घरोघरी भिन्न असतात. म्हणून दवाखान्यात एक छोटा तराजू ठेवला आहे. रुग्णाच्या घरचाच चमचा आणावयास सांगून त्यात किती ग्रॅम बसते ते एकदा मोजून चिठ्ठीवरील आकडा त्याप्रमाणे दुरुस्त करतो. दोन मिनिटांचे काम आहे. पाकीट दाखवणाऱ्या रुग्णास मागची बाजू वाचून दाखवावी, गुणाकार त्याच्यासमोर करावा. तो पुढच्या वेळी स्वतःच करतो.

आरंभी उल्लेखिलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे सांगणे प्राप्त आहे. औषध बदलले नाही. रक्तदाबाची गोळीही तीच होती. दोन्ही वेळची पाकिटे बंद केली. सून सकाळी कामावर जाण्यापूर्वी मोजलेले डाळ-तांदूळ कुकरच्या डब्यात भिजत घालून ठेवू लागली; शिट्ट्या मोजण्याचे काम गृहस्थांनी पत्करले. संध्याकाळी दोघे परतल्यावर सर्वांसाठी ताजे अन्न होऊ लागले. तीन आठवड्यांत पायांवरील शोथ स्पष्टपणे उतरला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणतो. परंतु बदल केवळ आहारात झाला होता. त्याआधीचे पंधरा दिवस माझ्या औषधास अपयश आले असे मी समजत होतो. प्रत्यक्षात अपुरी होती ती माझी चिठ्ठी.

पाकीट हे विष नव्हे आणि पथ्यही नव्हे. ते मोजता येण्याजोगे अन्न आहे. मोजण्याची रीत आपल्या आचार्यांनी दोन शब्दांत दिली आहे आणि कायद्याने तिचे आकडे पाकिटाच्या पाठीवर छापावयास लावले आहेत. ते वाचणे, आणि वाचून मगच ‘खिचडी’ हा शब्द लिहिणे, एवढेच आपल्याकडे उरते. वैद्यबंधूंनी व भगिनींनी आपल्या दवाखान्यात येणारी चार-दोन पाकिटे या दृष्टीने पाहावीत, ही विनंती.